टिकलीखालचा लाल दिवा

सोमवार, ३ नोव्हेंबर

रोहिणी म्हणती, आई, तू फोनवर लई वरडतीस, माझ्या कानाला दडे बसतेत, त्यापरीस वहीत लिवत जा. म्हणून बियाणाच्या दुकानातनं आलेली ही डायरी काढली. कोरीच पडली होती. माझी शाळा चौथीपर्यंत, तीबी पावसाळ्यात गळायची म्हणून बंद. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या, वाचणार कोण हाय.

आज वरडायला कारण हाय. गाडी पळवल्याचा दुसरा दंड आला. गाडी मालकांच्या, म्हंजी रोहिणीच्या बापाच्या नावावर, म्हणून मेसेज त्यांच्या मोबाईलवर येतो. जेवतानाच वाजला. मालकांनी चष्मा लावला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला, आन मग माझ्या ताटाकडं सरकवला. आमच्या पांढऱ्या गाडीचा फोटो, बीडकडं जाताना, हायवेवरचा. खाली वेग लिहिलेला. मालक म्हणले, इमानात बसणाऱ्याला बी एवढी घाई नसती.

अंगद म्हणला, अजून एक आला की आईचं लायसन गेलंच. सांगताना त्याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. माझंच लेकरू हाय, पण गाडी अशी चालवतो की म्हशी पाण्यावर न्यायलाय. दर हॉटेलाला थांबतो, दर ओळखीच्याला हात करतो.

मी कावून, कशापायी पळवते ते कुणी इचारत न्हाई. निम्मं आयुष्य तलवाड्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघण्यात गेलं. मालकांना येळ भेटंल तवा माहेर, अंगदला येळ भेटंल तवा दवाखाना. पंचेचाळिशी उलटल्यावर गाडी शिकले. पहिल्यांदा गेवराईच्या पुढं मोकळा रस्ता बघून पाय दाबला, वारं आत आलं, आन मला हसूच फुटलं. दोन्ही दंड त्या हसण्याचे हायत.

खरी गोष्ट पुढं हाय. रोहिणीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं तिला युसूफ वडगावाहून आणायचं हाय, ते बी आठवा लागायच्या आत. आठव्यात कुणी हालवत न्हाई. लेकीला सासरहून आणायला मुराळी जातो, बाप न्हाईतर भाऊ. मालकांनी अंगदचं नाव काढलं. पण सकाळी रोहिणीचा फोन आलता. हळू बोलली, सासू जवळ असंल. "आई, तूच ये. रस्त्यानं तुझ्याशी बोलायचं हाय."

मी जेवता जेवता सांगून टाकलं, मुराळी मी जाणार. अंगद हसला. "आई, बाई मुराळी कुठं असती का?" म्हणलं, आतापस्तोर नसंल, आता हाय.

मालकांनी मिशी चोळली. मग म्हणले, "तिला आणायच्या दिवसापस्तोर तिसरा दंड आला न्हाई, तर तूच मुराळी. आला, तर चावी अंगदकडं."

लागली शर्त.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हळू चालवून बघितलं. जमत न्हाई. उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या मागं, गाणी लावलेली, मला वलांडून गेला. वर बसलेल्या पोरांनी हात केला. मेल्यापरीस वाईट. पुढच्या वळणाला मी त्यांना मागं टाकलंच, मग दिवसभर मालकांच्या मोबाईलकडं बघत बसले. वाजला की उठून बघायचे. एकदा खताच्या दुकानाचा मेसेज होता, एकदा कुणाच्या वाढदिवसाचा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

देव हाय. मोबाईलवर भाकरी फुगत न्हाई त्याचा उपाय बघत होते, त्याच्या खालीच निघालं. एक गोरा माणूस गाडीत छोटी मशीन बसवायला होता. पोलीस वेग मोजायला कॅमेरा लावून बसले की ही मशीन आधीच कूं कूं करती, आपण पाय काढायचा. वायरी अशा लपवल्या की घरच्या माणसालाबी कळू नये. भाषा कळाली न्हाई, पण हात कळाले. चार डाव बघितलं. भाकरीचं राहूनच गेलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सिदूकडं गेलते. फाट्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हाय त्याचं, लहानपणापसून आमच्या घरी खाल्लेलं पोरगं. त्याला मोबाईल दाखवला. त्यानं बघितलं, आन दुकानाचं शटर निम्मं खाली वढलं.

म्हणला, काकू, असलं हिकडं भेटत न्हाई. भेटलं तरी पोलिसाला घावलं तर तुमीबी आत आन मीबी आत. मी म्हणलं, तुझ्या हळदीला तुझा सासरा रुसून मारुतीच्या पारावर जाऊन बसलता, त्याला हाताला धरून कोणी आणलं? म्हणला, तुमी. म्हणलं, मग.

डोकं खाजवत बसला. शेवटी म्हणला, दोन-तीन दिवस द्या, बघतो. मी म्हणलं नारायणगडाची शपथ घे, मालकांना सांगायचं न्हाई. तर म्हणला, "काकू, देवाला कावून मधी घेता, काम करतो म्हणलं ना."

आजकालच्या पोरांचा देवावर इस्वासच न्हाई.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सिदूचा फोन, मशीन आली. लगेच बघायला गेले. काडीपेटीएवढी काळी डबी, एक लाल दिवा. बाहेरून कायबी लिहिलेलं न्हाई. म्हणला, लिहिलेलं असतं का, चोरीचा माल हाय.

त्याच्या टेबलावर मालकांच्या चष्म्याचं घर पडलेलं होतं. मी लगेच वळखलं, त्याचं टाचबटन मीच लावलंय. इचारलं तर सिदू म्हणला, आबा टॉर्च दुरुस्तीला आलते. आमच्या घरी टॉर्च हायच कुठं. असंल एखादी जुनी, माळ्यावर. चष्म्याचं घर उचलून आणलं आन मालकांना दिलं. म्हणलं, चष्मा इसरला न्हाईत हे नशीब. मालक म्हणले, "हा, तिथं राहिलं व्हय." कुठं ते इचारलंबी न्हाई मला. माणूस म्हातारा व्हायलाय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज काम झालं. मालक सकाळीच नारायणगडाला दर्शनाला गेले, मोटरसायकलीवर. गाडी न्या की म्हणलं तर म्हणले, नको, तुला लागंल. मला बरंच झालं.

सिदूच्या दुकानामागं लिंबाखाली गाडी लावली. मी पदर खोचून शेजारच्या शिटावर बसले, डोळ्यात तेल घालून. त्यानं स्टेरिंगखालचा पत्रा काढला. आत वायरीचा नुसता गुंता, जत्रेतल्या पोरींच्या वेण्यांवानी. डबी आत वर चिकटवली, वर काळी पट्टी गुंडाळली. एक वायर फ्यूजात, दुसरी वर नेऊन गाडीचा वेग दाखवतो त्या काट्याच्या मागं जोडली. मी इचारलं, काट्याला कावून? म्हणला, करंट तिथूनच चांगला भेटतो. असंल. मी त्याला खुरपणीतलं सांगत न्हाई, तो मला करंटचं सांगतो, ऐकावं.

सगळं लपलं, पण लाल दिवा स्टेरिंगच्या उजव्या अंगाला बाहेर दिसायचा. सिदू म्हणला, राहू द्या. म्हणलं, मालकांचे डोळे अधू असतील, आंधळे न्हाईत. पाकिटातली टिकली काढली आन दिव्यावर दाबून बसवली. मरून रंगाची, मोठी. आता कुणीबी म्हणंल बाईची गाडी हाय, टिकली चिकटवली.

सिदूनं परत बजावलं, कुणालाच सांगू नका, आबालाबी न्हाई. मी म्हणलं, मी काय येडी हाय का. तो दुसरीकडं बघून खोकला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सिदूच्या दुकानावर जाऊन तमाशा करून आले.

सकाळी गेवराईला गेलते. मुद्दाम पोलीस ठाण्यापुढं गाडी उभी केली. आत पोलीस, बाहेर पोलीस, एक तर माझ्या बोनेटला टेकून फोनवर बोलायला होता. मशीन गप. मढ्यावानी गप. सरळ तलवाड्याला आले आन सिदूला चार गिऱ्हाइकापुढं म्हणलं, तुझी डबी मुकी हाय.

त्यानं मला बाजूला नेलं. म्हणला, काकू, उभ्या गाडीला पोलीस कशाला धरतोय? गाडी पळाली तरच त्यांचा कॅमेरा बघतो, त्यानं बघितलं तरच मशीन बोलती.

खरं हाय. उभ्या माणसाला कोण धरतं. चहा पिला आन परत आले.

रविवार, १६ नोव्हेंबर

वाजली, वाजली. बीडला जाताना सहा-सात डाव वाजली.

गेवराई सोडली आन पाय दाबला तशी कूं कूं कूं. मी पाय काढला, गप झाली. पोलीस दिसंना. पुढं सरकीच्या पेंडीच्या गोदामापशी परत वाजली, तिथंबी कुणी न्हाई. लपून बसतेत ते, बाभळीत, पुलाखाली. टोलनाक्याच्या अलीकडं वाजली तवा खरंच एक पोलीस रस्त्याच्या कडंला पेरू घेताना दिसला. पिशवी हातात, गाडी न्हाई, कॅमेरा न्हाई. पण बघा, पोलीस होताच. मशीन खोटी बोलत न्हाई.

एक इचार येतो. एवढे पोलीस ह्या रस्त्यावर लपून बसलेत, तर आमच्या वस्तीवरची मोटर चोरीला गेली तवा ह्यातला एकबी कावून आला न्हाई.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज जीव जायचा राहिला. मालक म्हणले, गेवराईला मलाबी सोड. शेजारी बसले. रस्ता मोकळा, सवयीनं पाय दाबला गेला, आन टिकलीखालनं कूं कूं कूं.

मालकांनी कान टवकारले. "कशाचा आवाज हाय गं?"

तोंडात येईल ते बोलले. म्हणलं, तुमी पट्टा लावला न्हाई, म्हणून वरडायली. मालकांनी हूं म्हणून पट्टा वढला, लावला. तवर मी पाय काढला, आवाज बंद. मालक म्हणले, हुशार गाडी हाय. पुढं तीन डाव वाजली. एकदा म्हणलं दार नीट लागलं न्हाई, एकदा म्हणलं हवा कमी हाय, तिसऱ्या डावाला कायच सुचंना तर म्हणलं, थंडीनं करती. मालकांनी तिन्ही डाव मान हालवली. रस्ताभर तोंडावर रुमाल धरून खिडकीबाहेर बघत बसले. धूळ लई हाय म्हणले. काच तर बंद होती.

भोळा माणूस. ह्याला कुणीबी इकून खाईल.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दंड न्हाई. मालकांचा मोबाईल वाजतो पण माझ्या नावानं न्हाई.

कधी कधी वाटतं, ही लबाडी हाय का? मग वाटतं, शर्त दंड न येण्याची होती. कशानं येऊ द्यायचा न्हाई, ते कुठं ठरलं होतं.

एक मात्र झालंय, लिहून ठेवते. एवढे पोलीस लपलेत म्हणल्यावर आता बराच येळ हळूच चालवावं लागतं. वैताग येतो. पण हळू चालवलं की रस्त्यावरची माणसं ओळखीची निघतेत. आज कापूस येचून चाललेल्या चार बाया दिसल्या, थांबवलं, बसवलं. त्यातली एक माझ्या माहेरच्या गावची. लगीन होऊन ती हिकडंच हाय, इतकी वर्षं. मी तिच्या अंगावर कितीदा धूळ उडवून गेले असंल, देवाला ठावं. उतरताना तिनं घमेल्यातल्या बोरांची ओंजळ शिटावर ठेवली. आंबट हायत. खाल्ली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

जिंकले. मालकांनी सगळ्यांपुढं चावी दिली, दोन्ही हातांनी, जसा नारळ देतेत. अंगदनं तोंड वाकडं केलं. म्हणला, आई हळू चालवती हे मी मरंपस्तोर मानणार न्हाई, कायतरी गडबड हाय. मालक त्याच्यावर खेकसले, गप बस, ती सुधारलीय. मला जरा लाज वाटली. जराच.

शिदोरी केली. पुरणाच्या पोळ्या, शेंगाची चटणी, धपाटे, रोहिणीला आवडतं ते कवठाचं आंबट-गोड. लुगडं नेसू का साडी, इथपस्तोर इचार केला. मुराळ्यानं काय नेसावं हे कुणाला ठावं, आतापस्तोर सगळे धोतरावर गेलेत.

रविवार, ३० नोव्हेंबर

हात दुखायलेत पण आज लिहिणार.

पहाट फुटायला निघाले. बीड, मांजरसुंबा, नेकनूर, केज. जाताना एकटी होते, मशीन लई बडबडली. सगळीकडं पोलीस. मी बी तिला म्हणलं, बाई, ऐकलं, एकदा सांगितलं की कळतं मला.

वडगावात गाडी वाड्यापुढं लावली तर बायापोरं गोळा झाली. रोहिणीचे सासरे बबनराव ओसरीवर. त्यांनी गाडीच्या दुसऱ्या दाराकडं बघितलं, मग मागच्या. म्हणले, मुराळी कुठाय? म्हणलं, तुमच्यापुढं उभाय.

मग त्यांची पंचाईत झाली. मुराळ्याला टोपी-टॉवेल देतेत, इहिणीची ओटी भरतेत. मी दोन्ही. बबनराव आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. भिवराबाई, रोहिणीची सासू, तोंडाला पदर लावून हसायल्या. शेवटी त्याच म्हणल्या, "आवं, दोन्ही करा. एवढ्या लांबून आल्यात, आपण काय हातचं राखायचं?"

भिवराबाईंनी ओटी भरली. आन बबनरावांनी टोपी न्हाई दिली. म्हणले, टोपी माझ्या इहिणीच्या अंबाड्यावर बसायची न्हाई, आन सोताच्या हातानं मला फेटा बांधला. गुलाबी. गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आरशात बघितलं तर मी माझ्या थोरल्या भावासारखी दिसायले.

जावई अभिमन्यू गाडीपस्तोर आला. त्योबी माझ्यावानी गाडी पळवतो, रोहिणीच सांगती. त्याला बाजूला घेतलं आन हळूच मशीनचं सांगितलं. म्हणलं, तुम्हालाबी बसवून देते, लेकराचा बाप व्हायलात, दंड भरत बसू नका. जावई लई खूश.

परत येताना रोहिणी शेजारी. मागं उशा, पायाखाली गोधडी. केज सोडल्यावर ती बोलायला लागली. भ्या वाटतं म्हणली. शेजारच्या पोरीचं ऐकलंय, कायकाय होतं. सासूपुढं बोलता येत न्हाई, नवऱ्यापुढं बोललं की त्योच घाबरतो. मी तिला तिच्या जन्माचं सांगितलं. मी किती शिव्या दिल्या, सुईणीनं मला कशी थोबाडीत मारली, आन ही बाहेर आली ती सुईणीच्या अंगावर मुतली. रोहिणी पोट धरून हसली. मग रडली. मग बोरं मागितली.

थोड्या येळानं तिनं स्टेरिंगजवळची टिकली बघितली. आई, ही हितं कावून? तिला सगळं सांगितलं, सिदू, डबी, वायर. तिनं सगळं ऐकून घेतलं आन इचारलं, "वायर काट्याला जोडली म्हणतीस?"

"हा. करंट तिथूनच भेटतो."

"आन आता कावून वाजत न्हाई?"

मी काट्याकडं बघितलं. चाळिसाच्याबी खाली. घाई करायची आठवणच राहिली नव्हती. तेवढ्यात मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर पोलिसांची गाडी, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावलेला, खरा, आमच्या तोंडावर. मशीन गप. पोलिसानं कॅमेऱ्यातनं बघितलं, मग कॅमेरा सोडून नुसत्या डोळ्यानं बघितलं. फेट्यातली बाई, शेजारी पोटुशी पोर, पाठीमागं चाळीस गाड्या हॉर्न वाजवायल्या. त्यानं सरळ उभं राहून मला सलाम ठोकला.

मी म्हणलं, बघितलं का, मशीनलाबी कळलं, आई लेकीला घेऊन चाललीय, आज हिला भ्या दाखवायचं न्हाई. रोहिणी खिडकीकडं तोंड करून बसली. खांदे हालायले होते. म्हणलं, रडू नको. म्हणली, न्हाई गं आई, रडत न्हाई.

सोमवार, १ डिसेंबर

काल लिहायचं राहिलं ते हे. घरी पोचलो तर मालक फाटकात उभे. भाकरतुकडा ओवाळला, रोहिणीला आत घेतलं. मालकांनी माझ्या फेट्याकडं लई येळ बघितलं. मग हात पुढं करून तुरा सरळ केला. तीस वर्षांत मालकांनी माझ्या डोक्याला हात लावला न्हाई, डोकं दुखलं तरी.

आज सकाळी सिदूला फोन करून सांगितलं, तसलीच अजून एक मशीन आण, जावयाला. तो म्हणला, बरं काकू, आबाला इचारतो. म्हणलं, आबाला कावून? तर म्हणला, सवयीनं तोंडात आलं. त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, दिवसभर करंटमधी काम.

चहा घेताना रोहिणी बापाला कालचा रस्ता सांगायला होती, घाट, पोलीस, सलाम. मालक बशीतनं चहा वढत म्हणले, "म्हंजी येताना एकदाबी वाजलं न्हाई म्हण की."

मी म्हणलं, काय वाजलं न्हाई?

मालकांची बशी थांबली. "मोबाईल," म्हणले. "मोबाईल गं. दंडाचा." आन उठून गोठ्याकडं गेले. रोहिणीबी कपबशा घेऊन मोरीकडं पळाली, सातव्या महिन्यात, पळाली.

मी खिडकीतनं बघितलं. मालक बैलाच्या पाठीवर डोकं टेकून उभे, पाठमोरे, आन खांदे गदगदा हालायलेत. लेक घरी आली, म्हणून रडायलेत. चारचौघात रडत न्हाईत, मी वळखते ना त्यांना.

रडू द्या. मी तवर टिकल्यांचं नवं पाकीट काढून ठेवलं. जावयाच्या गाडीला लागंल.